हातचा

जुलैची एकतीस तारीख. संध्याकाळचे सात.
पंखा फक्त डावीकडे वळतो,
कागदांवर वजन म्हणून कुणाच्या तरी पट्ट्याचं बक्कल.
काउंटीच्या कचेरीत उद्या सकाळी तक्ता पोचायला हवा,
खाली माझी सही: व्हर्ना स्टिडम, कारकून.

मागील शिल्लक एक्केचाळीस.
आलेले सत्त्याण्णव.
जुलैत जास्तच येतात. चार तारखेच्या रात्री
केंटकीच्या या दरीत डोंगराडोंगरांतून फटाके घुमतात
आणि कुत्री साखळ्या तोडून, जाळ्या फाडून
आपल्या वासाच्या हद्दीपलीकडे धावत सुटतात.
पाच तारखेला सकाळी फाटकाशी नऊजण बसले होते,
दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.
त्यातल्या चौघांना न्यायला माणसं आली.

कोंबडा या तक्त्यात धरत नाहीत.
तो झुंजीचा पुरावा आहे,
न्यायाधीश सुट्टीवरून येईपर्यंत आमच्या छपरावर पहाट करतो.

केस्टरला त्याच न्यायाधीशांनी साठ तास दिलेत,
पिंजरे धुण्याचे. पोरगा गॅरेजातला.
मांजरीच्या पिल्लांची नावं त्यानंच ठेवली:
गॅस्केट, पिस्टन, बेअरिंग,
आणि जिच्यात काही जीव नव्हता ती, स्टेपनी.
सर्वांत आधी स्टेपनी गेली.
घरी गेली.
इथं नुसतं ‘गेली’ म्हणून चालत नाही,
कुठे ते सांगावं लागतं.

दत्तक अडतीस.
एक पांढरी कुत्री आठवड्यात परत. कारण: ‘फार जीव लावते.’
कारण जसंच्या तसं लिहायचा नियम आहे.
मालकांकडे नऊ.
ओहायोच्या गाडीतून एकतीस.
तिकडे म्हणे लोक यादीत नाव घालून थांबतात.
चार तासांचा रस्ता.
चार तासांत कुत्र्याचं असं काय बदलतं?

आपणहून मेलेले चार.
शेवटचा रकाना: सतरा.
याचा मथळा मी वाचत नाही, आकडा भरते.

वजा जाता एकोणचाळीस.

पिंजऱ्यांत चाळीस.

केस्टर, पुन्हा मोज.
तो दारादाराला बोट लावत गेला,
भुंकणं त्याच्या मागोमाग गेलं आणि परत आलं.
चाळीसच, बाई.

मग कपाट. दोन किल्ल्यांचं.
निळी बाटली उजेडाकडे धरली, वही उघडली.
वहीपेक्षा बाटलीत सहा मिली जास्त.
सहा मिली म्हणजे साठ पौंडांचं जनावर.
सतरावी ओळ: पिंजरा बावीस, म्हातारा हाउंड,
इझ्रा नेपिअर वारला तेव्हा पुतण्यानं
जेवायच्या ताटलीसकट आणून सोडलेला.
मुक्काम साठ दिवसांवर. वेळ चार वाजून दहा मिनिटं.
डॉक्टर ओर्लीनाचं अक्षर, रेघ न रेघ सरळ.
ती साडेचारला घरी गेली होती,
जाताना माझ्याकडून स्टेपलर मागून घेतला होता
आणि बराच वेळ तो हातातच धरून उभी होती.

मी फोन केला नाही.
सतरावर आडवी रेघ मारली, सोळा लिहिलं,
शेजारी माझी आद्याक्षरं.
वहीतली तिची ओळ तशीच ठेवली.
उद्या तिनं स्वतः खोडावी.

केस्टर विचारत होता, कुठे चुकलं?
म्हटलं, चुकलं नाही, एक हातचा राहिला.
आम्हाला शाळेत बाई शिकवायच्या:
हातचा विसरायचा नाही,
पुढच्या घरात मिळवायचा.
तो म्हणाला, पुढचं घर कुठलं?

ऑगस्टचा कोरा तक्ता ओढला.
मागील शिल्लक चाळीस.
ब्लीच सहा गॅलन, जुने टॉवेल मिळतील तेवढे,
पंख्याचं बघायला कुणीतरी.
बावीस नंबरात ताटली फरशीवरून सरकत होती,
रिकामी,
भिंतीपर्यंत जाऊन पुन्हा दाराशी.